गव्हाच्या मागोमाग

यात्रेस निघालेल्या मंडळींनीं देवळें पहावीं, घाट पहावे, सवड असल्यास एखादें वस्तुसंग्रहालय पहावें, असा आपल्याकडील रिवाज आहे. धान्याचा बाजार पहावयाचा म्हणून वाटेंत गाडींतून उतरणारीं माणसें विरळाच. २०२५ सालच्या चैत्रअखेरीस अमृतसरचें दर्शन आटोपून आम्ही गयेकडे निघालों, तेव्हां आमच्याही मनांत तसा कांहीं बेत नव्हता. बरोबर आमच्या आत्याबाई होत्या. वय ऐंशीच्या घरांत. कऱ्हाडाकडील तीस माणसांच्या एकत्र कुटुंबांत पन्नास वर्षें कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला होती. गयेस वडील मंडळींचें श्राद्ध आपल्या डोळ्यांदेखत व्हावें, एवढीच त्यांची इच्छा. परंतु लुधियान्यास आमचे एक स्नेही भेटले. त्यांचें सारें आयुष्य धान्य सांठविण्याच्या शास्त्रांत गेलेलें. त्यांनीं सहज विचारलें, "वाटेंत खन्ना येथें उतरतां का? गव्हाचा हंगाम सध्यां ऐन भरांत आहे." आम्ही कांहीं उत्तर देणार, तोंच आत्याबाई म्हणाल्या, "उतरूं या. जन्मभर गहूं निवडला. तो येतो कोठून तें एकदां पाहूं दे."

खन्ना हें गांव लुधियाना व अंबाला यांच्या दरम्यान, थोरल्या बादशाही सडकेवर वसलेलें आहे. येथील धान्याचा बाजार आशियाखंडांत सर्वांत मोठा, अशी त्याची ख्याति. असल्या ख्यातीची मोजदाद कोणीं केलेली असते असें नाहीं. पण एकदां त्या आवारांत पाऊल टाकलें म्हणजे वाद घालण्याची इच्छा रहात नाहीं. नजर पोंचेल तेथवर फरसबंद अंगण, आणि त्यावर गव्हाच्या राशी. एकीमागून एक ट्रॅक्टर येतो, मागची गाडी तिरपी होते, आणि सोनेरी धबधबा खालीं कोसळतो. लागलीच तो गहूं विजेच्या चाळणींतून निघतो. भुसा व माती एका बाजूला, दाणा दुसऱ्या बाजूला. मग पन्नास किलोंचें तागाचें पोतें, वजनाचा कांटा, शिवणीचें यंत्र. हवेंत धुरळा इतका, कीं दुपारचें ऊनही पिवळट दिसत होतें. पोतीं भरणारे, शिवणारे, पाठीवर घेऊन थप्पी लावणारे मजूर बहुतेक बिहारकडील. त्यांतील एकास आम्हीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला कीं, दर हंगामास तो येथें येतो. घरीं बायको आहे, दोन मुलें आहेत, आणि त्यांना सरकारी दुकानाचा गहूं मिळतो. तो गहूं कोठला, असें विचारतां त्यानें नुसतें समोरच्या राशीकडे बोट केलें.

एकट्या पंजाबांतून सरकार एका हंगामांत सुमारें १२० लाख टन गहूं विकत घेतें, व त्याचा बहुतेक सगळा व्यवहार एप्रिल व मे या दोन महिन्यांत उरकतो. २०२५ च्या हंगामास क्विंटलला २४२५ रुपये हा आधारभाव होता. हा गहूं घ्यावयाचा तो किती ओला चालेल, याचा नियम आहे. शेंकडा १२ पर्यंत ओलावा असल्यास पुरा भाव. १४ पर्यंत असल्यास भाव कापून घेतात. त्यापलीकडे घेतच नाहींत. ओलावा मोजण्यास हातांत मावेल एवढें यंत्र असतें. सरकारी माणूस मूठभर दाणे त्यांत घालतो आणि आंकडा वाचतो.

आत्याबाईंनीं तें यंत्र पाहिलें, आणि कांहीं न बोलतां शेजारच्या राशींत कोपरापर्यंत हात घातला. वाळलेल्या धान्यांत हात सरसर जातो. ओलसर धान्य हाताला अडवितें. मग एक दाणा त्यांनीं उरल्यासुरल्या दाढेखालीं धरला. कट् असा आवाज झाला. "वाळलेला आहे," त्या म्हणाल्या. राशीजवळ बसलेला पांढऱ्या दाढीचा अडत्या हें पहात होता. त्यानेंही एक दाणा तोंडांत टाकला, चावला, मान डोलविली, आणि हंसत म्हणाला, "माताजी, हें यंत्र यायच्या आधीं आमचे वडीलही असेंच करीत." यंत्रानें त्या राशीचा ओलावा शेंकडा १० दाखविला. दोघांची भाषा निराळी. पण पुढें पाव तास त्या दोघांचें जें संभाषण झालें, त्यांत आम्हां कोणाचीच गरज पडली नाहीं.

हा ओलाव्याचा एवढा बाऊ कशासाठीं, अशी शंका वाचकांच्या मनांत येईल. आमच्या स्नेह्यांनीं तें समजावून सांगितलें तें असें. दाणा मेलेला नसतो. तो झोंपलेला जीव आहे, आणि झोंपेंतही तो श्वास घेतो. स्वतःमधलें सत्त्व थोडें थोडें जाळून तो प्राणवायु घेतो, व ऊब, पाण्याची वाफ आणि कार्बनवायु बाहेर टाकतो. दाणा कोरडा व थंड असला म्हणजे हा श्वास इतका मंद, कीं वर्षा-दोन वर्षांत कांहीं फरक दिसत नाहीं. ओलावा वाढला कीं श्वास जलद होतो. श्वासानें ऊब वाढते. उबेनें बुरशी व किडे माजतात. त्यांच्या श्वासानें आणखी ऊब व आणखी ओलावा. पोत्यांच्या थप्पीच्या पोटांत हें एकदां सुरू झालें, कीं बाहेरून थप्पी जशीच्या तशी दिसते आणि आंत हात घातला तर चटका बसतो. बियाण्याच्या बाबतींत शास्त्रज्ञांनीं एक ढोबळ ठोकताळा बसविला आहे. ओलावा शेंकडा एकानें कमी केला कीं त्याचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें. आपल्या घरांतून चैत्र-वैशाखांत गच्चीवर गहूं पसरून दोन उन्हें देण्याची जी चाल आहे, तिच्यांतलें मर्म हेंच.

किडे तर आमच्या वाचकभगिनींच्या पूर्ण ओळखीचे आहेत. सोंड्याची मादी सोंडेनें दाण्याला भोंक पाडून आंत अंडें घालते व तें भोंक बुजवून टाकते. अळी आंतल्या आंत दाणा पोखरून, मोठी होऊन, बाहेर पडते, तेव्हांच घरांत कळतें. उत्तरेकडील कोठारांत खापरा नांवाचा किडा याहून भयंकर. त्याची केसाळ अळी भिंतीच्या भेगांत खाण्यावांचून दोन-दोन वर्षें तग धरते, आणि नवें धान्य आलें कीं उठते. पोतें रिकामें झालें, झाडलें, म्हणजे कोठार स्वच्छ झालें, हा भ्रम तिनें पुष्कळांचा घालविला आहे. सरकारी कोठारांत यावर ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून, थप्पी आच्छादनानें बंद करून, विषारी वायूची धुरी देतात. येथें एक गोष्ट आवर्जून सांगावयाची. या गोळ्या कोणी आणून दिल्या, तरी रहात्या घरांतील धान्यांत त्या कदापि ठेवूं नयेत. त्यांच्या वायूनें झोंपेंत माणसें दगावल्याच्या वार्ता वारंवार छापून येतात, व त्यांत मुलांची संख्या फार असते. कडुनिंबाचा पाला, राख, एरंडेलाचा हात, आणि मुख्यतः कडक ऊन, हीं घरापुरतीं पुरेशीं आहेत.

आतां नुकसान किती, हा प्रश्न. याचें उत्तर देणाऱ्यांत एक महाराष्ट्रीय नांव आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. कृषिसंख्याशास्त्रज्ञ डॉ. वि. गो. पानसे यांच्या समितीनें १९६० नंतरच्या दशकांत हिशेब मांडला, कीं मळणीपासून पुढें शेंकडा ९.३३ धान्य वायां जातें. त्यांत किडे २.५५, उंदीर २.५०, मळणी १.६८, पक्षी ०.८५, आणि वाहतूक अवघी ०.१५. ही आंकडेवारी इतकी वर्षें भाषणांतून फिरत आहे, कीं ती कोणत्या काळची याचाही विसर पडला आहे. त्यानंतर लुधियान्याच्याच संस्थेनें देशभर पाहणी करून २०१५ सालीं जे आंकडे प्रसिद्ध केले, त्यांत गव्हाचें नुकसान शेंकडा ४.९३ व भाताचें ५.५३ आहे. त्यांतही कापणी, मळणी, वारवणी यांत जाणारा भाग मोठा. सांठवणींतला शेंकडा एकाच्याही आंत.

म्हणजे स्थिति सुधारली, यांत संशय नाहीं. परंतु शेंकडा पांच हा आंकडा कानाला जितका लहान लागतो तितका तो नाहीं. २०२३-२४ सालीं देशांत सुमारें ११ कोटि ३० लाख टन गहूं पिकला. त्याचे शेंकडा ४.९३ म्हणजे ५५ लाख टन होतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें माणशीं महिना ५ किलो, म्हणजे वर्षाला ६० किलो धान्य मिळतें. त्या मापानें ५५ लाख टन गहूं नऊ कोटि माणसांचा वर्षाचा शिधा होतो. आमच्या स्नेह्यांनीं हा गुणाकार कागदावर करून दाखविला, तेव्हां आत्याबाईंनीं तो कागद मागून घेतला व घडी करून बटव्यांत ठेवला.

बाजारापासून थोड्या अंतरावर आम्ही उघड्यावरची सांठवण पाहिली. जमिनीपासून उंच केलेलें पक्कें जोतें, त्यावर लांकडी चौकटी, चौकटींवर पोत्यांची घरासारखी उतरती थप्पी, आणि वरून काळें जाड प्लॅस्टिकचें आच्छादन दोरांनीं आवळलेलें. कोठारें अपुरीं पडल्यामुळें निघालेली ही युक्ति. उघडीप पाहून आच्छादन काढावें, थप्पीला वारा द्यावा, ढग दिसतांच पुन्हां झांकावें, असें केलें तर कांहीं महिने गहूं बरा रहातो. केलें तर! आच्छादनाला एक भोंक, एका वादळांत सुटलेला एक दोर, आणि खालच्या चार थरांचें काळें पीठ होण्यास एक पावसाळा पुरतो. २०१० च्या पावसाळ्यांत अशा कुजलेल्या गव्हाचीं छायाचित्रें देशभर छापून आलीं, आणि त्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें सरकारास बजावलें, कीं धान्य कुजूं देण्यापेक्षां तें गरिबांस फुकट वांटा. तेव्हां दिल्लींत पुष्कळ चर्चा झाली. ही सूचना कीं आज्ञा, असाही काथ्याकूट झाला; न्यायालयास ती आज्ञाच होती असें पुन्हां सांगावें लागलें.

तथापि आमच्या मतें, छायाचित्रांत येणारी ही नासाडी डोळ्यांत भरते म्हणूनच कांहींशी फसवी आहे. खरी नासाडी दिसत नाहीं. इतकेंच नव्हे, तर वजनांतही सांपडत नाहीं. हें आम्हांस खन्ना येथेंच प्रथम उमगलें. एप्रिलांत गहूं खडखडीत वाळलेला असतो. जुलैंत हवा दमट झाली कीं तो ओलावा पितो, आणि पोत्याचें वजन वाढतें. त्यामुळें पावसाळा लागल्यावर साठा ताब्यांत देणाऱ्या संस्थेकडून दर क्विंटलामागें कांहीं वाढावा हिशेबांत धरून घेण्याची सरकारी रीत आहे. आतां पहा: किड्यांनीं एक किलो खाल्ला व हवेनें एक किलो पाणी भरलें, तर कांट्यावर पोतें जसेंच्या तसें! गेला तो गहूं, आणि आलें तें पाणी. वजन भरावें म्हणून थप्प्यांवर पाणी मारल्याचे प्रकारही अधूनमधून वर्तमानपत्रांतून उघडकीस येतात. ज्या गोष्टीनें गहूं लौकर नासतो, तिनेंच हिशेब तंतोतंत जुळतो, असा हा चमत्कार आहे. आत्याबाईंच्या कोठींत हें कां होत नसे? त्या मापानें मोजीत, पण निवडतांना दाणा पहात. भोंक पडलेले दाणे वेंचून ते मुठींत किती भरतात, यावर त्यांचा निवाडा असे.

पोत्याविना सांठविण्याचीही सोय झालेली आहे. पंजाबांत मोगा व हरियाणांत कैथल येथें प्रत्येकीं २ लाख टन धान्य मावेल अशीं पोलादी पिंपें उभीं आहेत. त्यांत थंड हवा खेळवितात, आंतली ऊब तारांवरून मोजतात, आणि धान्य सुटेंच खास डब्यांत भरून पार नवी मुंबईपर्यंत जातें. पिंपांतून जाणाऱ्या धान्याला हमालाचा आंकडा लागत नाहीं, उंदीर शिवत नाहीं. असें असूनही बहुतेक गहूं आजही पोत्यांतूनच फिरतो. १९८७ चा कायदा तागाच्या पोत्याच्या पाठीशीं आहे, बंगालमधील ताग पिकविणाऱ्यांचें पोट त्यावर आहे, आणि गांवोगांवच्या दुकानांना पोतेंच सोयीचें. एकाचें नुकसान वांचवावयास जावें, तर दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो. हा गुंता खन्नाच्या फरसबंदीवर सुटण्यासारखा नाहीं, म्हणून आम्ही गाडींत बसलों.

पाटण्यास उतरल्यावर, शहराबाहेरील एका मालधक्क्यावर, पंजाबहून आलेली गव्हाची मालगाडी खालीं होतांना पाहण्याचा योग आला. अशा एका गाडींतून अडीच हजार टनांवर धान्य येतें. म्हणजे पन्नास हजारांहून अधिक पोतीं. खन्ना येथें एकदां, तेथील कोठारांत दुसऱ्यांदा, गाडींत चढवितांना तिसऱ्यांदा, येथें चौथ्यांदा. आणि पुढें कोठारांत, मालमोटारींत, दुकानांत. दर वेळीं हमालाचा लोखंडी आंकडा पोत्याच्या कुशींत शिरतो, कारण पन्नास किलो उचलण्यास दुसरा कान पोत्याला नसतो. नमुना काढावयाची टोंकदार पन्हळी सळई असते, तिला तिकडे परखी म्हणतात. तीही तेथेंच भोंसकतात. आंकड्याच्या भोंकांतून मूठभरच गहूं सांडतो. पण पन्नास हजार मुठी!

तो सांडलेला गहूं मात्र धक्क्यावर पडून रहात नाहीं. डब्यांतून शेवटचें पोतें निघतें न निघतें, तोंच आठ-दहा बायका केरसुण्या व सुपें घेऊन पुढें आल्या. रुळांमधली खडी, धक्क्याच्या फटी, डब्याची चौकट, सगळें त्यांनीं झाडून काढलें. मग कडेच्या झाडाखालीं बसून पाखडूं लागल्या. खडे एकीकडे, माती खालीं, गहूं सुपाच्या पोटांत. पारवे त्यांच्याभोंवतीं निर्धास्त फिरत होते. आत्याबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि एकीचें सूप हातांत घेऊन दोन वेळां झेललें. त्या बाईनें प्रथम गोंधळून पाहिलें. मग हात पाहून तिची खात्री पटली असावी, कारण तिनें दुसरें भरलेलें सूपही पुढें सरकविलें. हा गहूं सरकारी वहींत "मार्गांतील तूट" या सदराखालीं पडणार. त्या दिवशीं संध्याकाळीं तो आठ-दहा चुलींवर शिजला असेल. याला नासाडी म्हणावयाचें कीं कसें, याचा निर्णय आम्हांस करतां आला नाहीं. मोठी तूट येते ती अशा झाडूनें भरून निघणारी नसते, हेंही खरेंच. पोत्यांच्या थप्प्या कागदावर चढतात व कागदावरच उतरतात, त्यांच्या मागें कोणी केरसुणी घेऊन जात नाहीं.

गयेची गाडी दुसऱ्या दिवशींची होती. त्यामुळें पाटण्याचें प्रसिद्ध गोलघर पाहून घेतलें. गांधी मैदानाच्या पश्चिमेस, गंगेच्या अलीकडे, पालथ्या ठेवलेल्या प्रचंड वाडग्यासारखी ही विटांची इमारत आहे. उंची सुमारें ९६ फूट; तळाशीं भिंत १२ फूट जाड; आंत एकही खांब नाहीं. बाहेरून दोन्ही बाजूंनीं वळत जाणारे जिने माथ्यापर्यंत चढतात. एका बाजूनें हमालांनीं पोतें घेऊन चढावें, माथ्यावरील भोंकांतून धान्य आंत ओतावें, आणि दुसऱ्या बाजूनें उतरावें, अशी योजना. पायऱ्या १४५. नेपाळचे जंगबहादूर घोड्यावर बसून या पायऱ्या चढले, अशी गोष्ट सांगतात. आत्याबाईंच्या गुडघ्यांना घोडाही नव्हता, तेव्हां आम्ही खालूनच प्रदक्षिणा केली.

ही इमारत उठली ती एका भयंकर दुष्काळाच्या आठवणीनें. १७७० सालीं बंगाल व बिहार या प्रांतांत जो दुष्काळ पडला, त्यांत तिसरा हिस्सा प्रजा मेली असा त्या काळच्या राज्यकर्त्यांचाच अंदाज होता. पुढें १७८४ च्या जानेवारींत, वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर-जनरल असतां, कलकत्त्याहून हुकूम सुटला, आणि कॅप्टन जॉन गार्स्टिन या इंजिनियरानें २० जुलै १७८६ रोजीं काम पुरें केलें. भिंतीवरील शिलालेख आम्हीं सावकाश वाचला. आरंभीं "क्रमांक १" असें आहे. म्हणजे अशीं पुष्कळ कोठारें बांधावयाची होतीं. या प्रांतांतून दुष्काळ कायमचा टाळण्यासाठीं हें बांधलें, असें त्यांत म्हटलें आहे. आणि अखेरीस, हें प्रथम भरून समारंभपूर्वक अमक्यानें बंद केलें, असें लिहिण्यास सुरुवात करून नांवाची जागा कोरी सोडली आहे. ती आजतागायत कोरीच आहे. गोलघर कधींच पुरतें भरलें गेलें नाहीं. क्रमांक २ बांधला गेला नाहीं.

दरवाजे आंत उघडतात, त्यामुळें धान्य भरल्यावर ते उघडलेच नसते, असा एक विनोद वाटाडे सांगतात. आम्हांस त्याहून मोठा विनोद निराळ्याच गोष्टींत दिसला. या कोठारांत १ लाख ४० हजार टन धान्य मावतें, असें पुस्तकांतून सर्रास छापलेलें असतें. आंतला व्यास सुमारें १०९ फूट आहे. घुमट विसरून, याच व्यासाचें व एवढ्याच उंचीचें सरळ पिंप कल्पिलें, तरी त्यांत २० हजार टन गहूं मावत नाहीं. घुमटाचा निमुळता आकार धरल्यास १२-१३ हजार टनांच्या पुढें जाणें कठीण. शंभर वर्षांहून अधिक काळ एक शून्य जास्त छापलें जात आहे, आणि कोणी गुणाकार करून पाहिलेला दिसत नाहीं! धान्याच्या कोठारांविषयींचे आंकडे किती विश्वासानें वाचावे, याचा हा एक नमुना.

आत्याबाईंची शंका मात्र वेगळी होती. "एवढ्या उंचीवरून ओतलेल्या धान्याला वारा कोठून लागणार? आणि मधलें पहायचें झालें, तर आंत उतरणार कोण?" त्यांच्या माहेरीं ज्वारीचें पेंव होतें. कोरड्या, कठीण जमिनींत हंड्याच्या आकाराचा खड्डा. आंत कडबा, काड. तोंड मातीनें लिंपून बंद. आंत कोंडलेली हवा धान्याच्याच श्वासानें संपते, आणि मग किडाही जगत नाहीं. पण त्याच कारणानें माणूसही जगत नाहीं. म्हणून पेंव उघडल्यावर प्रथम दोरीनें पेटता दिवा आंत सोडीत. तो विझला कीं दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावयाचें. सांगलीजवळ हरिपुरास हळदीचीं अशींच पेंवें पिढ्यान् पिढ्या होतीं, त्यांतलीं पुष्कळ २००५ च्या महापुरानें निकामी झालीं. पेंव लहान, एका घराचें, फार तर एका आळीचें. तें भरणारा, उघडणारा आणि त्यांतली भाकर खाणारा एकच असे. गोलघर बांधणाऱ्यांनीं दोन वर्षांत भिंत उभी केली, पण दर साल त्यांत धान्य कोण घालणार, कोण काढणार, जुनें कोण बदलणार, याची सोय शिलालेखांत नाहीं आणि त्यांच्या खजिन्यांतही नव्हती.

वास्तविक याच नगरींत ही सोय फार पूर्वीं विचारांत घेतली गेली होती. पाटणा म्हणजे पाटलिपुत्र. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोष्ठागाराच्या अध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. जमलेल्या धान्याचा अर्धा भाग प्रजेच्या आपत्तीसाठीं राखावा, अर्धा वापरावा, आणि नवें आलें कीं जुनें काढून त्या जागीं तें भरावें, असें तो सांगतो. गोरखपूर जिल्ह्यांत सोहगौरा येथें सांपडलेल्या प्राचीन ताम्रपटांत अडचणीच्या काळासाठीं ठेवलेल्या दोन कोठारांचा उल्लेख आहे. जुनें काढावें व नवें भरावें, हें वाक्य दिसण्यांत किती साधें! आजही कोठारांतील नासाडीचा शोध घेतला, तर पुष्कळ वेळां एवढेंच निघतें, कीं पुढच्या थप्प्या सोयीच्या म्हणून आधीं हालल्या, आणि मागची जुनी थप्पी तीन पावसाळे तशीच राहिली.

गोलघरापासून परततांना, एका गल्लींत सरकारी धान्याचें दुकान उघडें दिसलें. बायकांची रांग होती. यंत्रावर अंगठा टेकवावयाचा, आंकडा पटला कीं दुकानदार कांट्यावर धान्य घालतो: माणशीं पांच किलो, गहूं आणि तांदूळ मिळून. २०२३ च्या जानेवारीपासून तें फुकट मिळतें. पोत्यावरची छाप आम्हीं मुद्दाम पाहिली, पंजाबचीच होती. रांगेंतल्या एका बाईनें पिशवी भरून घेतल्यावर मूठभर गहूं तळहातावर पसरला, बोटानें फिरविला, नाकाशीं नेला. दहा-बारा दाण्यांना भोंकें होतीं. आत्याबाईंनीं खुणेनेंच विचारलें, कसा आहे? ती म्हणाली, धुऊन वाळवला म्हणजे चालेल. मागच्या महिन्यापेक्षां बरा आहे. त्या भोंकांच्या दाण्यांचेंही वजन कांट्यानें धरलेलें होतें. तिनें ते दाणे टाकले नाहींत. पदराच्या टोंकांत बांधले, आणि दारांत कोंबड्या आहेत, असें सांगून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें आम्ही गयेस गेलों.